निसर्गाच्या निवडीचे गणित मांडणारे आचार्य हॉल्डेन

तानसा नदीस बांध घालून तिचे पाणी मुंबई शहरास पुरविण्याचे प्रचंड काम इ. स. १८९२ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्याच्या ५ तारखेस इंग्लंडातील ऑक्सफर्ड या विद्यानगरीत जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन यांचा जन्म झाला. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काहीच नाही. तथापि ज्या पुरुषाने सृष्टीचा एक गूढ नियम अंकांत मांडला, ज्याने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी जन्मभूमी सोडून भारतास आपला देश मानले आणि ज्याने अखेरचा श्वासही याच भूमीत घेतला, त्याचे चरित्र तानशाच्या रानाशेजारी शिकणाऱ्या मुलामुलींस परके वाटण्याचे कारण नाही.

जॉनचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे थोर अभ्यासक होते. कोळशाच्या खाणींत विषारी वायूंनी मजूर मरत, त्यांचे प्राण कसे वाचवावे हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. मुलगा लहान असतानाच ते त्यास खाणीत घेऊन जात. एकदा खाणीच्या अरुंद भागात उभे राहून त्यांनी जॉनला शेक्सपियरच्या ज्युलियस सीझर नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच ओळी म्हणून होताच मुलास धाप लागली, पाय लटपटले व तो खाली पडला. जमिनीवर पडताच त्यास पुन्हा नीट श्वास घेता येऊ लागला. खाणीतील तो ज्वलनशील वायू हवेपेक्षा हलका असून छताशी साचतो, हा धडा त्यास पुस्तकावाचून मिळाला. आपल्या देहावर प्रयोग करून पाहावयाचा व मगच बोलावयाचे, ही पित्याची शिस्त मुलाने जन्मभर पाळली.

ईटन येथील शाळा संपवून जॉन ऑक्सफर्ड येथे गेले. तेथे त्यांनी गणित, व त्यानंतर ग्रीक-लॅटिन वाङ्मय व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास करून उत्तम यश मिळविले. आश्चर्याची गोष्ट अशी की, पुढे जीवशास्त्रात जगन्मान्य झालेल्या या पुरुषाजवळ शास्त्राची पदवी अशी कधीच नव्हती. मात्र आपली बहीण नेओमी हिच्यासह त्यांनी घरी उंदीर पाळून रंगांचे गुण पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात याच्या नोंदी ठेविल्या होत्या. त्या नोंदींवरील निबंध १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असता, प्रसिद्ध झाला. तेव्हा हॉल्डेन फ्रान्समधील आघाडीवर होते आणि त्या कामातील त्यांचा एक सोबती रणांगणावर पडला होता. हॉल्डेन स्वतः दोन वेळा जखमी झाले. दुसरी जखम त्यांस मेसोपोटेमियात झाली व विश्रांतीसाठी त्यांस भारतात धाडण्यात आले. हा देश त्यांस अतिशय आवडला. परंतु राज्यकर्ता व प्रजा असे नाते असता येथील लोकांशी बरोबरीने वागता येणार नाही, हेही त्यांनी जाणले.

युद्धानंतर हॉल्डेन यांनी जे कार्य हाती घेतले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहून असे दाखविले की, प्रत्येक प्राणी व वनस्पती यांस जगू शकेल त्याहून कितीतरी अधिक संतती होते. त्या संततीत लहानमोठे भेद असतात. ज्याचा भेद परिस्थितीस सोयीचा, तो अधिक टिकतो व आपल्यासारखी संतती मागे ठेवितो. शहापूर-मुरबाडकडील शेतकरी उत्तम लोंब्या बाजूस काढून पुढील वर्षीचे बियाणे राखतो, त्या वेळी तो निवडच करीत असतो. सृष्टीत मात्र निवडणारा हात दिसत नाही. ऊन, पाऊस, रोग व शत्रू हेच तेथे चाळणीचे काम करितात. यास नैसर्गिक निवड असे म्हणतात. ब्रुन्न येथील ख्रिस्ती मठातील साधू ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ साली आनुवंशिकतेचे नियम प्रसिद्ध केले. परंतु १९०० सालापर्यंत त्यांकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

डार्विन यांची कल्पना सयुक्तिक होती, परंतु तीत अंक नव्हते. शंभरात एखाद्याच प्राण्याच्या अंगी असलेला गुण सर्वत्र पसरण्यास किती पिढ्या लागतील? दहा, हजार की कोटी? याचे उत्तर मिळाल्यावाचून ती कल्पना खरी की खोटी हे पारखता येत नव्हते. केंब्रिज येथे अध्यापक असताना हॉल्डेन यांनी १९२४ साली या प्रश्नास हात घातला व पुढील दहा वर्षांत नैसर्गिक आणि कृत्रिम निवडीच्या गणितावर दहा निबंध लिहिले. इंग्लंडातील रोनाल्ड फिशर व अमेरिकेतील सूअल राइट हेही याच सुमारास निरनिराळ्या मार्गांनी तेथेच येऊन पोहोचले. या तिघांनी मेंडेलचे नियम व डार्विनची निवड यांची सांगड घातली.

पहिल्याच निबंधात हॉल्डेन यांनी एका पतंगाचे उदाहरण घेतले. हा पतंग दिव्यावर येणाऱ्या पाकोळ्यांच्या जातीचा असून मूळचा फिकट, ठिपकेदार असे. झाडाच्या सालीवरील दगडफुलावर तो बसला म्हणजे पाखरांस दिसत नसे. पुढे गिरण्यांच्या धुराने झाडे काळी पडली. १८४८ साली मँचेस्टर येथे एक काळा पतंग सापडला आणि शतकाच्या अखेरीस त्या भागातील जवळजवळ सर्व पतंग काळे झाले होते. वर्षाला एक पिढी धरून हॉल्डेन यांनी हिशेब मांडला. त्यातून असे निघाले की, दोन फिकट पतंग जगत तेथे तीन काळे पतंग जगत असले पाहिजेत. एवढी तीव्र निवड सृष्टीत चालत असेल, ही गोष्ट तेव्हाच्या अनेक विद्वानांस पटली नाही. परंतु १९५० नंतरच्या दशकात बर्नार्ड केटलवेल यांनी पतंग प्रत्यक्ष रानात सोडून व पुन्हा पकडून निवडीचा वेग खरोखरच मोठा आहे असे दाखविले. इंग्लंडात १९५६ साली धुरास आळा घालणारा कायदा झाला. त्यानंतर हवा निवळत गेली तसतसे काळे पतंग कमी होऊन फिकट पतंग पुन्हा वाढले.

या गणिताचा मासला आपल्यास शाळेच्या अंगणातही पाहता येईल. तांबड्या मातीवर ५० चिंचोके व भोपळ्याच्या ५० पांढऱ्या बिया विखुराव्या. एका मुलाने पाखरू होऊन एका मिनिटात दिसतील तेवढ्या बिया वेचाव्या. मागे उरलेल्यांचे प्रमाण मोजून त्याच प्रमाणात पुन्हा एकूण १०० बिया कराव्या आणि खेळ पुनः मांडावा. चार-सहा डावांतच पांढऱ्या बिया विरळ होत जातील. आता संगणकावर जे निवडीचे खेळ मुलांस दाखविले जातात, त्यांत याहून निराळे असे काही नसते. पडद्यावरील प्राण्यांचा रंग, जमिनीचा रंग, शत्रूंची संख्या, नवा भेद उपजण्याचे प्रमाण हे सारे आपण ठरवावयाचे व कळ दाबावयाची. यंत्र एका क्षणात एक पिढी सरकविते.

समजा, संतती हुबेहूब मातापित्यासारखीच होते व १०० प्राण्यांत एकच काळा आहे. फिकट प्राणी दोन जगतात तेव्हा काळे तीन जगत असतील, तर १०० मध्ये ९९ काळे होण्यास सुमारे २३ पिढ्या पुरतात. काळ्यांचा लाभ शेकडा एक एवढाच असेल तर सुमारे ९२४ पिढ्या लागतात, आणि हजारात एक असेल तर सुमारे ९,२०० पिढ्या. खऱ्या पतंगांत हा काळ अधिक लांबतो. कारण फिकट रंगाचा गुण काळ्या पतंगाच्या पोटी दडून राहतो आणि जो डोळ्यांस दिसत नाही त्यास पाखरे वेचू शकत नाहीत. या सर्व गोष्टी लक्षात घेऊन हॉल्डेन यांनी आपली समीकरणे संगणकावाचून, कागद व लेखणी घेऊन सोडविली. अत्यल्प लाभही पुरेसा काळ मिळाल्यास सबंध जात पालटू शकतो, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले.

येथे महाराष्ट्राशी असलेल्या एका धाग्याचा उल्लेख केला पाहिजे. गुणघटक पेशीतील सूत्रांवर ओळीने वसलेले असतात. दोन गुण पुढील पिढीत किती वेळा एकमेकांपासून विलग होतात, यावरून त्यांमधील अंतर काढण्याचे एक सूत्र हॉल्डेन यांनी १९१९ साली दिले होते. त्यात असे धरले होते की, सूत्र एका ठिकाणी तुटले तरी शेजारच्या तुटण्यावर त्याचा परिणाम होत नाही. प्रत्यक्षात तसा परिणाम होतो. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे गोव्याचे सुपुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ साली हा परिणाम हिशेबात घेऊन नवे सूत्र दिले. आजही जगातील अनुवंशशास्त्रज्ञ हॉल्डेनचे व कोसंबींचे अशी दोन्ही सूत्रे वापरतात.

हॉल्डेन यांच्या एका विचाराचा संबंध तर आपल्याकडील अनेक घरांशी पोहोचतो. रक्ताचे काही आनुवंशिक रोग इतके घातक असूनही पिढ्यान्‌पिढ्या टिकून का राहतात? निवडीने ते केव्हाच नाहीसे व्हावयास हवे होते. भूमध्य समुद्राकाठच्या थॅलेसीमिया रोगाविषयी विचार करताना १९४९ साली त्यांनी असे सुचविले की, हा दोष मातापित्यांपैकी एकाकडूनच आला असेल तर तो मलेरियापासून रक्षण करीत असावा. पुढे १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेल या रोगाबाबत ही गोष्ट दाखवून दिली. हाच सिकलसेल महाराष्ट्रातील अनेक आदिवासी वस्त्यांत आढळतो.

याचाही हिशेब मांडून पाहू. समजा, साध्या रक्ताच्या १०० मुलांपैकी १० मलेरियाने दगावतात. एकेरी दोष असलेली सर्व मुले वाचतात. आणि दुहेरी दोष असलेले एकही मूल वाढत नाही. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले तर अखेरीस जन्मणाऱ्या दर १२१ मुलांत २० मुले एकेरी दोषाची व १ मूल दुहेरी दोषाचे, असा समतोल ठरतो. वीस जणांस मिळालेल्या संरक्षणाची किंमत एक जण भोगतो. मलेरिया हटला तरी तो दोष रक्तात पुष्कळ पिढ्या रेंगाळत राहतो.

या गणितापासून पालकांनी घेण्याजोगा बोध असा की, सिकलसेल हा कोणाच्या पापाचा, कुळाच्या हीनतेचा किंवा सुनेच्या पायगुणाचा परिणाम नव्हे. ज्या पूर्वजांनी तापाच्या रानांत संसार केले, त्यांस तगविणाऱ्या गुणाचीच ती दुसरी बाजू आहे. आई व बाप या दोघांतही एकेरी दोष असेल तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. रक्ताच्या साध्या तपासणीने ही गोष्ट आधी कळू शकते. भारत सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तीतही तपासणीसच अग्रस्थान दिले आहे. विवाहापूर्वी अशी तपासणी करून घेण्यात लाज वाटण्याजोगे काहीच नाही.

इतके थोर असूनही हॉल्डेन निर्दोष होते असे नाही. गरिबांविषयीच्या कळवळ्याने ते साम्यवादाकडे वळले व १९४२ साली ब्रिटनच्या साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. त्या काळी रशियात लायसेंको नावाच्या गृहस्थाने मेंडेलचे शास्त्रच खोटे ठरविले व राजसत्तेने त्यास उचलून धरले. निकोलाय वाविलोव हे जगप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मरण पावले. याच वाविलोव यांच्या निमंत्रणावरून हॉल्डेन १९२८ साली रशियात गेले होते. लायसेंकोचे म्हणणे शास्त्रास धरून नाही हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास कळणार? तरीही पक्षावरील निष्ठेमुळे त्यांनी वेळेवर उघड निषेध केला नाही. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, परंतु बोलावयाचा प्रसंग निघून गेला होता. स्वतःचा प्राण धोक्यात घालण्यास जो कधी कचरला नाही, त्यासही आपल्या माणसांविरुद्ध सत्य बोलणे जड गेले. विद्यार्थ्यांनी हे विसरू नये.

देहाच्या धैर्याची तर त्यांच्या आयुष्यात कमतरता नव्हती. १९३९ साली थेटिस नावाची पाणबुडी बुडून ९९ माणसे मृत्यू पावली. ती कशी गुदमरली असतील याचा शोध घेण्यासाठी हॉल्डेन बंद पेटीत स्वतः जाऊन बसले. पुढे युद्धकाळात पाणबुड्यांच्या रक्षणार्थ केलेल्या अशाच प्रयोगांत त्यांस झटके आले व पाठीच्या कण्यास जन्माची इजा झाली.

जुलै १९५७ मध्ये पत्नी हेलन स्परवे यांच्यासह ते भारतात आले व प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. आपल्या संपादकत्वाखालील अनुवंशशास्त्राचे नियतकालिकही त्यांनी येथे आणले. सुएझ कालव्याच्या प्रकरणी ब्रिटनने ईजिप्तवर केलेला हल्ला त्यांस असह्य झाला होता. येथे ते सदरा घालू लागले, मांसाहार सोडला आणि १९६१ साली भारताचे नागरिक झाले.

भारतीय तरुणांस त्यांनी जो मार्ग दाखविला तो आपल्यास विशेष मोलाचा आहे. महागडी यंत्रे नाहीत म्हणून शास्त्र अडत नाही. डोळे, वही व मोजण्याची चिकाटी पुरे, असे त्यांचे मत होते. कृष्ण द्रोणमराजू या त्यांच्या शिष्याने घाणेरीची निरनिराळ्या रंगांची फुले निवडून कोणती फुलपाखरे कोणत्या रंगावर बसतात याची मोजदाद केली. त्यात निरनिराळ्या जातींची आवड निरनिराळी आढळली. एकाच झुडपाच्या दोन रंगांकडे दोन प्रकारचे पाहुणे जाऊ लागले तर कालांतराने त्या वनस्पतीचे दोन भाग पडू शकतील, असा विचार त्यातून निघाला. आपण टणटणी म्हणून जिच्यावर कोयता चालवितो, तीच ही घाणेरी. सुबोधकुमार रॉय यांनी भाताचे दोन वाण एकत्र लावून उत्पन्नातील फरक तपासला. सुरेश जयकर यांनी हेलन स्परवे यांच्यासह माळटिटवीच्या घरट्यांवर दीर्घ काळ पाळत ठेविली. याच जयकरांच्या सहकार्याने हॉल्डेन यांनी १९६३ साली एक महत्त्वाचा निबंध लिहिला. एखादा गुण काही वर्षी लाभदायक व काही वर्षी हानिकारक ठरत असेल, तर विशिष्ट मर्यादेत दोन्ही प्रकार टिकून राहतात, असे त्यात दाखविले आहे. अतिवृष्टीचे एक वर्ष व अवर्षणाचे दुसरे, हा अनुभव आपल्या शेतकऱ्यांस नवा नाही.

संगणकाच्या खेळाबाबतही हॉल्डेन यांच्या कामापासून एक सावधगिरी शिकण्याजोगी आहे. यंत्रात आपण जे धरून चालतो त्याचाच परिणाम ते परत देते. आपले गृहीत चुकीचे असले तर यंत्राचे उत्तर कितीही झटपट आले तरी चुकीचेच. म्हणून पडद्यावरील आकडे रानातील आकड्यांशी ताडून पाहिले पाहिजेत. पतंगांचे गणित मान्य झाले ते केवळ सुबक होते म्हणून नव्हे, तर पतंग मोजणाऱ्यांस त्याचा पडताळा आला म्हणून. घाणेरीवरील फुलपाखरे, गवतातील टोळांचे हिरवे व तपकिरी रंग, उघड्या माळावरील टिटवीची मातीशी मिसळून जाणारी अंडी, ही मोजावयास आपल्यास तिकीट काढून कोठे जावे लागत नाही. मात्र घरट्याजवळ जाऊ नये व अंड्यास हात लावू नये.

मतभेदांमुळे हॉल्डेन यांनी १९६१ मध्ये कलकत्त्याची संस्था सोडली व पुढील वर्षी ओरिसा सरकारच्या आश्रयाने भुवनेश्वर येथे अनुवंशशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. परंतु त्यांस कर्करोग झाला होता. रोग्यांनी भय टाकून वेळीच उपचार घ्यावे म्हणून त्यांनी आपल्याच रोगावर एक विनोदी कविता लिहिली. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयास विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला. ज्या देहावर आयुष्यभर प्रयोग केले, तो मरणानंतरही त्यांनी ज्ञानाच्या कामी लाविला.

हॉल्डेन यांस ईश्वरावर विश्वास नव्हता; आपल्या शाळेची शिकवण निराळी आहे. तथापि जे खरे आहे ते मोजून पाहावे, जे मोजले ते लपवू नये, आणि जे कळले त्याने दुःखिताचा भार हलका करावा, या तीन गोष्टींविषयी श्रद्धावंताचे व त्यांचे दुमत होणार नाही. पहिली गोष्ट त्यांनी जन्मभर पाळली, दुसरीत ते एकदा कमी पडले आणि तिसरीचे फळ आपल्या गावोगावच्या दवाखान्यांपर्यंत येऊन पोहोचले आहे. विद्यार्थ्यांनी पहिलीचे अनुकरण करावे, दुसरीत त्यांच्याहून अधिक दृढ राहावे आणि तिसरीचा लाभ आपल्या घरच्या व शेजारच्या माणसांस करून द्यावा.